नाशिक ते सॅन फ्रान्सिस्को किती तास? आधी किलोमीटर मोजू

घरातलं कुणी कॅलिफोर्नियाला निघालं की पहिला प्रश्न ठरलेला: "किती लांब आहे हो ते?" मोबाइलवर मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को टाकलं की एक साइट १३,५११ सांगते, दुसरी ८,३९५ आणि तिसरी ७,२९५. तिन्ही बरोबर आहेत. पहिला आकडा किलोमीटरचा, दुसरा आपल्या नेहमीच्या मैलांचा (१.६०९ कि.मी.चा एक) आणि तिसरा सागरी मैलांचा (१.८५२ कि.मी.चा एक). वैमानिक सागरी मैल वापरतात, अमेरिकन साइट साधे मैल दाखवतात, आणि दोघंही नुसतं 'मैल' लिहून मोकळे होतात. साडेसात हजाराच्या आतला आकडा दिसला तर १.८५२ ने गुणा, आठ हजाराच्या वरचा दिसला तर १.६०९ ने. उत्तर साडेतेरा हजारांच्या आसपास आलं नाही, तर साइटने विमानतळच दुसरा धरलाय.

हे अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलावरची सगळ्यात आखूड रेघ. भिंतीवरच्या सपाट नकाशात ती दिसत नाही. शाळेतला पृथ्वीगोल घ्या, एका बोटाने दोऱ्याचं टोक मुंबईवर दाबा, दुसरं टोक सॅन फ्रान्सिस्कोवर ठेवा आणि दोरा हळूहळू ताणा. तो पॅसिफिकवरून जात नाही, अटलांटिकवरूनही नाही. सरकत सरकत वर चढतो. राजस्थान, लेहच्या अगदी जवळून लडाख, मग सिंक्यांग, सैबेरिया, आर्क्टिक समुद्र, अलास्का, आणि कॅनडाच्या पश्चिम भागातून खाली. सर्वांत उत्तरेला ही रेघ ७६ अंशांच्याही वर पोचते. दुबईहून सॅन फ्रान्सिस्कोला दोरा ताणलात तर तो उत्तर ध्रुवापासून जेमतेम दोनशे किलोमीटरवरून जाईल.

साइटवर विश्वास नसेल तर मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत स्वतः मोजता येतं. फोन आडवा धरला की बहुतेक कॅल्क्युलेटरांत साइन-कोसाइनची बटणं दिसतात. कोन अंशांत आहे ना, ते आधी बघा. मुंबईचा अक्षांश १९.०९, रेखांश ७२.८७ पूर्व. सॅन फ्रान्सिस्कोचा अक्षांश ३७.६२, रेखांश १२२.३७ पश्चिम. पश्चिम म्हणजे उणे, त्यामुळे रेखांशांतला फरक ७२.८७ अधिक १२२.३७, म्हणजे १९५.२४. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.३२७० गुणिले ०.६१०४, उत्तर ०.१९९६. दोन्हींच्या कोसाइनचा गुणाकार: ०.९४५० गुणिले ०.७९२१, उत्तर ०.७४८५, याला १९५.२४ च्या कोसाइनने, म्हणजे उणे ०.९६४८ ने गुणा, येतात उणे ०.७२२२. दोन्हींची बेरीज उणे ०.५२२६. याचा उलटा कोसाइन १२१.५ अंश. एका अंशाला १११.२ किलोमीटर. झाले १३,५११.

चुका होतात त्या तीनच जागी. पश्चिम रेखांशाचं उणे चिन्ह विसरलात तर उत्तर ५,२०० च्या आसपास येतं, आणि तुम्ही सॅन फ्रान्सिस्कोऐवजी चीनच्या शानदोंग किनाऱ्यालगतच्या समुद्रात उतरता. दुसरी चूक अंश-मिनिटांची: विमानतळाचा अक्षांश ३७ अंश ३७ मिनिटं असा लिहिलेला असतो, तो ३७.३७ नव्हे. मिनिटांना साठने भागायचं, म्हणून ३७.६२. एवढ्याशा चुकीने विमानतळ अठ्ठावीस किलोमीटर सरकतो. तिसरी चूक एक्सेलवाल्यांची. एक्सेल कोन रेडियनमध्ये (कोन मोजायचं दुसरं एकक) मागतं. अंश तसेच भरले तर ते बिनतक्रार काहीतरी आकडा देतं आणि तो खराही वाटू शकतो. पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चपटी आहे (विषुववृत्तापाशी त्रिज्या ६,३७८ कि.मी., ध्रुवापाशी ६,३५७), त्यामुळे गोल धरून काढलेल्या एवढ्या मोठ्या अंतरात दहा-वीस किलोमीटर इकडेतिकडे होतात. त्यासाठी डोकं शिणवू नका, विमान त्या रेघेवरून तसंही जात नाही.

पण त्याआधी नाशिककरांच्या कामाची एक गंमत. मुंबईऐवजी ओझर विमानतळ धरून हेच गणित करा. ओझर २०.१२ उत्तर, ७३.९१ पूर्व. सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत सरळ रेघ साधारण १३,३७० कि.मी. आता ओझर ते दिल्ली सुमारे ९९५ आणि दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,३८०, बेरीज १३,३७५. म्हणजे फरक नाहीच म्हणा ना! ओझरवरून कॅलिफोर्नियाकडे ताणलेला दोरा दिल्लीपासून साठेक किलोमीटरवरून जातो. दिल्ली आपल्या वाटेवरच आहे. उलट मुंबईला जाणं म्हणजे आधी दीडशे किलोमीटर नैर्ऋत्येला मागे जाऊन मग उत्तरेकडे निघणं. लंडन किंवा दुबईचा हिशोब अर्थातच वेगळा, त्या दिशेला दिल्लीपेक्षा मुंबईचाच वळसा कमी पडतो. 'नाशिकवाल्याने परदेशी जायचं तर मुंबईहूनच' हे वाक्य अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला लागू होत नाही, निदान नकाशावर तरी.

नकाशावर म्हटलं, कारण आकाशात भलतंच चालतं. लडाखवरून पुढे गेलेली रेघ तिबेटच्या पठाराच्या कडेने आणि उंच डोंगररांगांवरून जाते. विमानातला हवेचा दाब गेला तर डोक्यावरून जे मास्क खाली पडतात, त्यांतला प्राणवायू साधारण पंधरा-वीस मिनिटं पुरतो. तेवढ्या वेळात वैमानिकाला दहा-बारा हजार फुटांवर उतरावं लागतं. खाली जमीनच चौदा-पंधरा हजार फुटांवर असेल तर उतरणार कुठे? म्हणून बहुतेक विमानं हा पट्टा टाळून पश्चिमेने किंवा पूर्वेने वळसा घेतात. पश्चिमेचा सोपा वळसा पाकिस्तान-अफगाणिस्तानवरून होता. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपलं आकाश बंद केलं आणि पुढे महिन्यामहिन्याने मुदत वाढवत नेली. तेव्हापासून दिल्लीहून पश्चिमेला निघालेल्या भारतीय विमानाला आधी खाली गुजरात-अरबी समुद्राकडे यावं लागतं. दिल्ली वाटेवर असल्याचा सगळा फायदा तिथेच वाहून जातो. मुंबईहून निघणारं विमान मुळात समुद्रावरूनच निघतं, त्याला हा फटका कमी. परदेशी कंपन्यांना ती बंदी नाही, म्हणून त्याच दोन शहरांमध्ये दोन कंपन्यांच्या वेळांत फरक दिसतो. रशियाच्या आकाशाचं याच्या उलट: २०२२ पासून अमेरिकन, ब्रिटिश आणि युरोपीय संघातल्या कंपन्यांना ते बंद आहे, भारतीयांना नाही. तिकीट काढताना 'तास जास्त का दिसतायत?' याचं उत्तर बहुतेक वेळा या दोन ओळींत असतं.

आणि वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक पट्टा वाहतो, जेट स्ट्रीम. हिवाळ्यात त्याचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर सहज असतो, कधी त्याहूनही जास्त. विमानाचा स्वतःचा वेग त्या उंचीवर ताशी ८९० च्या आसपास (ध्वनीच्या वेगाच्या ०.८४ पट, बाहेर उणे ५६ अंश, त्यामुळे तिथे ध्वनीच हळू, ताशी साधारण १,०६० कि.मी.). मुंबई ते लंडन ७,२०० कि.मी. धरा. सरासरी फक्त पन्नास किलोमीटरचा वारा समोरून असेल तर ८ तास ३४ मिनिटं लागतात, तोच पाठीमागून असेल तर ७ तास ४० मिनिटं. अंतर तेच, तासाभराचा फरक. म्हणूनच लंडनला जाताना वेळ जास्त लागतो आणि येताना कमी. विमान वळसा घालून गेलं असं समजू नका.

याचं सगळ्यात झकास उदाहरण आपल्याच देशातलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकवरून न्यायचं सोडून पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. हा मार्ग सुमारे १५,३०० कि.मी.चा, म्हणजे आधीच्या मार्गापेक्षा साधारण १,४०० कि.मी. लांब. वेळ मात्र साडेचौदा तासांच्या आसपास, आधीपेक्षा जवळपास दोन तास कमी! लांबची वाट वाऱ्याने जवळची केली. सरळ रेघ १२,३८०, उडालं १५,३००, आणि तरी लवकर पोचलं. किलोमीटरवरून तास काढणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सर्व महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्को–बंगळूर विमान उत्तर ध्रुवावरून आणलं, तेव्हा जाहीर झालेलं अंतर १३,९९३ कि.मी. आणि वेळ सतरा तासांहून जास्त. अंतर कमी, वेळ जास्त! ध्रुवाकडच्या मार्गावर आणखी एक काळजी असते ती इंधनाची: जेट ए-१ इंधन उणे ४७ अंशांना गोठायला लागतं, अमेरिकेत मिळणारं जेट ए तर उणे ४० लाच. टाकीतलं तापमान त्याच्या जवळ येऊ लागलं की विमान खाली तरी उतरवायचं, नाहीतर वेग तरी वाढवायचा.

तरीही घरबसल्या अंदाज हवा असेल तर हे सूत्र धरा: सरळ अंतर भागिले ८५०, अधिक चाळीस मिनिटं. ती चाळीस मिनिटं धावपट्टीपर्यंत रांगत जाण्याची, चढायची आणि उतरायची. ओझर–दिल्लीला १ तास ५० मिनिटं येतात, आणि वेळापत्रकातही तेवढंच असतं. मुंबई–लंडनला सव्वानऊ तास, जाताना बरोबर, येताना कमी. मुंबई–सॅन फ्रान्सिस्कोला साडेसोळा. दहा तासांच्या वरच्या प्रवासात यात तासभर अलीकडे-पलीकडे धरायचाच. तिकिटावरचा वेळ हा विमान गेटवरून हलल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतचा असतो, हवेतला नव्हे, आणि कंपन्या त्यात थोडी ढिलाई मुद्दाम ठेवतात. मुंबईत ती लागतेच. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते आणि रात्री गेटवरून सुटलेलं विमान रांगेत उभं राहतं.

थेट विमान मिळालं नाही की मधल्या थांब्याचा प्रश्न येतो. दुबईमार्गे १,९३० अधिक १३,०२०, म्हणजे सुमारे १४,९५० कि.मी.; थेटपेक्षा दहा-अकरा टक्केच जास्त. लंडनमार्गे ७,२०० अधिक ८,६००, म्हणजे १५,८००. सिंगापूरमार्गे ३,९०० अधिक १३,६००, तब्बल १७,५००. आकड्यांवरून दुबई जिंकते, पण माझं मत असं की थांबा निवडताना किलोमीटर अजिबात बघू नये. हजार किलोमीटर म्हणजे जेमतेम सव्वा तास. विमानतळावरचा थांबा दोन तासांचा की नऊ तासांचा, यात सगळा दिवस जातो. दीड तासाचा थांबाही नको. मोठ्या विमानतळावर टर्मिनल बदलून पुन्हा सुरक्षा तपासणी करायची तर तो वेळ अपुरा पडतो. अडीच ते चार तास हे बरोबर. अमेरिकेत पुढे आणखी एक देशांतर्गत विमान असेल तर तीनच्या खाली जाऊ नका: त्या देशात सहसा जिथे पहिल्यांदा उतरता तिथेच इमिग्रेशन होतं, बॅगा पट्ट्यावरून स्वतः उचलून कस्टममधून बाहेर न्याव्या लागतात आणि पुन्हा जमा कराव्या लागतात. शेवटपर्यंत टॅग लावलेल्या असल्या तरीही.

आता नाशिकहून निघण्याचं. मुंबईचं विमानतळ आपल्यापासून रस्त्याने १६५-१७० कि.मी. रात्री रस्ता मोकळा असला तर तीन-सव्वातीन तास. द्वारका सर्कलपासून भिवंडी, माजिवड्यापर्यंत कुठेही अडकलात तर पाच. ५ जून २०२५ पासून समृद्धीचा इगतपुरी–आमणे हा ७६ कि.मी.चा शेवटचा टप्पा सुरू झाला, त्यामुळे कसारा घाट टाळता येतो. पावसाळ्यात घाटातलं धुकं, बंद पडलेले ट्रक आणि अधूनमधून येणारी दरड बघता तो टोल वसूल होतो. पण आमण्याला उतरल्यावर पुढे भिवंडी-ठाणं चुकत नाही, म्हणून वाचलेला वेळ तिथे जाऊ शकतो हे धरून चला. रेल्वेने दादरला उतरून तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा घेऊन टॅक्सी शोधणं एकट्या माणसाला जमत नाही, त्यापेक्षा गाडीच बरी. आणि हो, डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालंय. तिकिटावर बीओएम (जुनं मुंबई विमानतळ) आहे की एनएमआय (नवी मुंबई), हे निघण्याआधी बघा आणि ड्रायव्हरलाही सांगा.

ओझरवरून दिल्लीमार्गे जायचं असेल तर शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर काम होतं, घाट नाही, भिवंडी नाही. अट एकच: दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर हवीत. वेगवेगळी तिकिटं काढून तीन हजार वाचवले आणि ओझरचं विमान उशिरा सुटलं, तर पुढचं विमान तुमच्यासाठी थांबत नाही आणि त्याचे पैसेही परत मिळत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्याने सकाळची विमानं तासन्‌तास लटकतात, आणि ओझरला येणारं विमान बहुतेकदा दिल्लीहूनच आलेलं असतं. म्हणजे आपल्याकडे लख्ख ऊन असलं तरी विमान नसतं. त्या दोन महिन्यांत दिल्लीत पाच-सहा तासांचं अंतर ठेवा. देशांतर्गत विमान टर्मिनल एकला उतरलं तर टर्मिनल तीनपर्यंत रस्त्याने बसने जावं लागतं, तेही धरा. ओझरच्या काउंटरवर बॅगेला चिकटवलेली पांढरी पट्टी तिथेच वाचा. तीन-तीन अक्षरांचे कोड छापलेले असतात. मोठ्या अक्षरात एसएफओ दिसलं तर बॅग थेट पोचणार. डीईएल असेल तर दिल्लीला पट्ट्यावर उभं राहायचं. विचारायला लाजू नका, काउंटर सोडल्यावर ते बदलता येत नाही.

सगळे तास जोडले तर घरच्या उंबऱ्यापासून तिकडच्या उंबऱ्यापर्यंत हिशोब असा होतो: रस्ता चार, विमानतळावर साडेतीन ते चार, थेट विमान साडेसोळा, उतरल्यावर इमिग्रेशन आणि बॅगा दीड, पुढे गाडीने तास. सत्तावीस तास. यातले विमानात बसलेले साडेसोळा वजा केले तर दहा-साडेदहा उरतात, आणि त्यातले बरेचसे आपल्या हातात असतात.

घड्याळाचा घोळ मात्र अंतरापेक्षा मोठा. आपण यूटीसीच्या (जगाच्या प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे. सॅन फ्रान्सिस्को हिवाळ्यात आठ तास मागे, उन्हाळ्यात सात. म्हणजे फरक हिवाळ्यात साडेतेरा तास, उन्हाळ्यात साडेबारा. त्यांची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात. डोक्यात ठेवायची युक्ती: आपली सकाळ म्हणजे त्यांची आदली संध्याकाळ, उन्हाळ्यात तेच आकडे ठेवून अर्धा तास वजा, हिवाळ्यात दीड तास. पहाटे चारला मुंबईहून शुक्रवारी निघालात, तेव्हा तिकडे हिवाळ्यात गुरुवारचे दुपारचे अडीच वाजलेले असतात. त्यात साडेसोळा तास मिळवा: शुक्रवारी सकाळी सात. घड्याळाने तीनच तास गेले. परतीला उलट होतं: गुरुवारी रात्री साडेनऊला निघून सतरा तास उडालं तर इथे शनिवारची पहाट, चार वाजलेले. शुक्रवार कुठे गेला असं वाटतं. तो जातानाच वापरून झालेला असतो.

आणि सगळ्यात महागडी चूक तारखेची. तिकिटावर १५ तारीख, वेळ ००.४० असेल तर ते १४ च्या रात्रीचं विमान. नाशिकहून १४ ला दुपारी चार-साडेचारला निघायचं, १५ ला नव्हे. पहाटे चारचं असेल तरी तेच: १४ ला जेवून रात्री आठच्या आत गाडीत. ड्रायव्हरला सांगताना 'पंधराचं विमान' म्हणू नका, 'चौदाला रात्री' म्हणा. आणि तिकडे घ्यायला येणाऱ्याला तिकिटावरची उतरण्याची वेळ आणि तारीख जशीच्या तशी पाठवा, ती त्यांच्याच घड्याळाची असते, त्यात पुन्हा साडेतेरा तास वजा करायला जाऊ नका. फक्त सांगा की त्यानंतर दीड तासाने बाहेर येऊ.